मित्राची गोष्ट खरी की खोटी

सोन्या,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. मित्राने धर्म बदलला, लोकांसमोर उभं राहून आपली कहाणी सांगितली आणि तू म्हणतोस एकतर सगळं खरंय नाहीतर तो धडधडीत थापा मारतोय. अरे मधे पण बरंच काही असतं की!

पुढे ख्रिस्ती संत म्हणून गाजलेल्या ऑगस्टीनचंच बघ. साल 386, मिलानमधली बाग, कुठूनतरी लहान मुलाचा आवाज येतो 'घे, वाच', हा पुस्तक उघडतो, थोडंसं वाचतो आणि आयुष्य पालटतं. लोकांच्या लक्षात फक्त ती बाग राहिली. पण त्याआधी दोनेक वर्षं तो तिथल्या बिशप अँब्रोजची प्रवचनं ऐकत होता, त्याची आई तर ख्रिस्ती हो म्हणून कधीची मागे लागलेली, आणि हे सगळं लिहिलं त्याने दहाएक वर्षांनी, तेव्हा तो स्वतःच बिशप झालेला. म्हणजे खोटारडा होता का? मला नाही वाटत. पण शेवट माहीत असला की माणूस सुरुवातही त्याच हिशोबाने सांगतो.

आणि आठवणही बदलते रे. 1986 मधे अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान फुटलं, तेव्हा उल्रिक नायसर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लगेच विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठे, कशी कळली. अडीच-तीन वर्षांनी परत विचारलं तर बऱ्याच जणांचं उत्तर भलतंच, तेही छातीठोकपणे, आणि स्वतःच्या अक्षरातला कागद दाखवला तरी जुनी आठवण काही परत येईना. त्यात धर्मांतराची कहाणी तर माणूस पुन्हापुन्हा सांगतो, समोरचे ज्या वाक्याला डोळे पुसतात ते वाक्य फुगत जातं, 'कधीमधी प्यायचो' चं 'दारूत बुडालो होतो' कधी होतं ते त्याचं त्यालाही कळत नाही.

हां, ठार खोटं बोलणारेही असतात. अमेरिकेत माइक वॉर्नकेने 1972 मधे पुस्तक काढलं, मी सैतानाचा पुजारी होतो आणि मग ख्रिस्ताकडे आलो म्हणून, ते धो धो खपलं. 1992 मधे त्याचं पितळ उघडं पाडलं ते कॉर्नरस्टोन या ख्रिस्ती मासिकानेच, त्या काळातले मित्र आणि फोटो शोधून! मला हे फार आवडतं. श्रद्धा आहे म्हणून चौकशी करायची नाही असं थोडंच आहे.

तुझ्या मित्राची दारू सुटली असेल तर सुटली, आनंदच आहे. पण त्यावरून त्या धर्माची शिकवण खरी ठरत नाही रे, कारण अशीच कहाणी दुसऱ्या धर्मात गेलेलाही सांगतो आणि धर्म सोडून मोकळा झालेलाही, आधीची तीच घालमेल, मग एक क्षण, नंतर तीच शांतता.

तेव्हा भेटलास की वाद घालू नकोस. त्या दिवसाच्या आधीचे दोन-तीन महिने कसे गेले, कुणाबरोबर असायचा, आता कसं चाललंय, हे विचार आणि गप ऐक. फक्त एक बघ, पैसे द्यायला किंवा घरच्यांशी संबंध तोडायला कोणी सांगतंय का त्याला. तसं काही वाटलं तर रात्री-अपरात्री का होईना मला फोन कर.

आई