जड आवाजाचं गणित सांगणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

स. न. वि. वि.

आमच्या स्टोनर डूमवाल्या, म्हणजे संथ आणि जड मेटल वाजवणाऱ्या, टोळीच्या गिटारी आणि अ‍ॅम्प दुरुस्त करण्याचे पैसे तुम्ही घेता. पण काम करता करता जे फुकट सांगितलंत, त्याचे आभार राहूनच गेले. ते आज चारचौघांत.

सी ट्यूनिंग (सगळ्यात जाड तार ई ऐवजी खालच्या सीला लावणं) म्हणजे खुंट्या चार सेमीटोन, म्हणजे चार अर्धसूर, सैल केल्या की झालं, असा सर्रास समज आहे. तसं केलं की 10-46 चा (आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत) सेट लोंबतो आणि पिक जोरात लागला की सूर आधी वर चढतो, मग जागेवर येतो. तुम्ही 12-60 चा जाड सेट चढवलात, नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा कानशीने रुंद केल्यात आणि जाड तारेचं सॅडल (ब्रिजवरचा टेकू) मागे घेऊन बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन, म्हणजे वरचे सूरही नेमके लागणं, जुळवलंत. खाच अरुंद राहिली तर बेंडनंतर तार तिथेच अडकते, हेही दाखवलंत.

जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ (आवाज मुद्दाम फाडणारं पेडल) गिटारच्या लगेच पुढे. मध्ये बफरवाला (सिग्नल मजबूत करणारं सर्किट असलेला) ट्यूनर आला की आवाज किरकिरा. फझ पॉझिटिव्ह ग्राउंडचा (धन टोक ग्राउंडला जोडलेला) असेल, तर इतर पेडल्सच्या सामाईक सप्लायवर लावायचाच नाही, शॉर्ट होतो. आणि बिग मफ नावाचा तो दुसरा फझ! एकटा वाजवला तर राक्षस, बँडमध्ये गायब, कारण तो मिड्स, म्हणजे मधल्या पट्टीचा आवाज, खातो. अ‍ॅम्पवर मिड्स वाढवा, गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) उतरवा, हे तुमचं पालुपद आता पाठ झालंय.

सगळ्यात मोठं ऋण मात्र ट्रायटोनचं. दोन सुरांमधलं सहा फ्रेटचं हे अंतर म्हणजे ब्लॅक सॅबथ या बँडने 1970 च्या पहिल्याच अल्बममध्ये भीतीसाठी वापरलेलं हत्यार. चर्चने त्यावर बंदी घातली होती ही दंतकथाच, पण अंगावर काटा येतो तो खरा. तरी फझवर दोन्ही सूर एकदम छेडले की नुसता गाळ का होतो? तुम्ही आकडे मांडलेत. खालचा सी 65.4 हर्ट्झ, त्याच्यापासूनचा पाचवा सूर जी 98. फझमध्ये त्यांच्या वजाबाकीचा सूरही तयार होतो: 32.6, म्हणजे जवळपास सीच, एक सप्तक खाली. म्हणून पॉवर कॉर्ड (मूळ सूर आणि त्याचा पाचवा एकत्र) डोंगरासारखी उभी राहते. जीच्या जागी एफ शार्प घेतला, 92.5, तर वजाबाकी 27.1. तो सूर दोघांपैकी कोणाचाच नाही. म्हणून ट्रायटोन एकामागून एक वाजवायचा, मिनिटाला 60 ठोक्यांच्या आसपास, पहिला सूर विरत आला की दुसरा.

बोकडाची डोकी आणि उलटे क्रॉस टी-शर्टवर छापणं त्या मानाने सोपं. सॅबथच्या त्या अल्बमच्या आतल्या बाजूचा उलटा क्रॉससुद्धा रेकॉर्ड कंपनीने बँडला न विचारता छापला होता. जादूटोण्याचे शब्द नंतर बघू, आधी रिफमध्ये (गाण्यात फिरून फिरून येणाऱ्या गिटारच्या तुकड्यात) धाक आहे का ते ऐका, असं तुम्ही म्हणता ते पटतं.

दोन्ही 16 ओहमचे स्पीकर कॅबिनेट समांतर जोडून अ‍ॅम्पचा स्विच 8 वर ठेवलाय, गिटारची नव्हे, स्पीकरची केबल वापरतोय, आणि कॅबिनेट जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प कोणी चालू करत नाही. त्यामुळे जळालेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलायला एवढ्यात तरी येणार नाही.

आपले,
दोन गिटार, एक बास आणि ड्रमवाली मंडळी