कीबोर्ड माझ्याकडे सरकवणाऱ्या अभियंत्यास

बडोदे

आदरणीय महोदय,

स. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला न विचारता उघडपणे लिहीत आहे. नाव तेवढे गाळले आहे, कारण जिना उतरताना तुम्ही ती एकच अट घातली होती.

दांडिया बाजारातल्या आमच्या लहानशा मराठी ग्रंथालयाची सूची कोहा या प्रणालीवर चालते, आणि ती प्रणाली एका व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या पोटातल्या संगणकात, नांदते. जुना सर्व्हर थकल्यामुळे ते मशीन व्हीएमवेअर या अशी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून नव्या सर्व्हरवरच्या प्रॉक्समॉक्स या तशाच सॉफ्टवेअरवर हलवावे लागले. हलवणाऱ्यांनी शुक्रवारी सायंकाळी ‘झालं’ म्हणून पैसे घेतले. शनिवारी पाहिले तर मशीन व्यवस्थित सुरू होते, एकही नोंद हरवलेली नव्हती, पण वाचकांच्या टेबलावरचा एकही संगणक तिथवर पोहोचत नव्हता. मग त्यांनी आधी केबल बदलायला लावली, नंतर स्विच नवा आणायला लावला, तिसऱ्या दिवशी ‘मॅडम, तुमच्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं असेल’ असे ऐकवले आणि शेवटी सगळे पुसून नव्याने बसवण्याचे अंदाजपत्रक पाठवले. मशीनच्या आत डोकावून पाहण्याचे कष्ट मात्र एकानेही घेतले नाहीत.

तुम्ही आला होतात तुमच्या मावशींचे पुस्तक परत करायला. मी नोंद वहीत का करते आहे, असे तुम्ही सहज विचारलेत आणि तासभर तिथेच अडकलात. व्हीएमवेअरवर ज्या नेटवर्क कार्डाला डेबियन, म्हणजे मशीनच्या आतली कार्यप्रणाली, ‘ईएनएस१९२’ म्हणत होते, त्याच्या जागी प्रॉक्समॉक्सवर आलेल्या कार्डाचे नाव ‘ईएनएस१८’ पडले. सेटिंगच्या फाइलीत जुनेच नाव राहिल्याने आयपी पत्ता, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, अस्तित्वात नसलेल्या कार्डाची वाट पाहत बसला होता. शिवाय राऊटरमध्ये तो पत्ता जुन्या कार्डाच्या मॅक पत्त्याशी, म्हणजे त्या कार्डाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाशी, बांधून ठेवलेला होता, ती गाठही तुम्हीच शोधलीत. केबल बिचारी निर्दोष होती. स्विचही.

कारण सापडल्यावर दुरुस्ती तुमच्या हातून दोन मिनिटांत उरकली असती. पण तुम्ही खुर्चीवरून उठलात, कीबोर्ड माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात, ‘काकू, हे तुम्हीच लिहा, उद्या मी इथे नसेन.’ माझी बोटे अडखळली, १८ च्या जागी दोनदा ८१ पडले, आणि त्या दोन्ही वेळा तुम्ही पडद्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिलात. ते तुमचे बाहेर बघणे मी अजून विसरलेले नाही. पिंगला, म्हणजे मशीनपर्यंत पोहोचता येते का हे पाहणाऱ्या हाकेला, पहिले उत्तर आले, तेव्हा ते माझ्या हातून आले होते.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बडोद्यात आणले, ते केवळ पुस्तके लावून घेण्यासाठी नव्हे. इथल्या माणसांना ग्रंथपालनाचे शिक्षणही त्यांनी दिले. काम करून देणारे पैसे टाकून मिळतात, समोरच्याला कमी न लेखता काम शिकवून जाणारा मात्र पुस्तक परत करायला आला तरच भेटतो, असे आता वाटू लागले आहे.

जाण्यापूर्वी तुम्ही सूचीच्या जुन्या कोऱ्या कार्डावर तीन ओळी लिहिल्यात : जुने नाव, नवे नाव, फाइल कुठे आहे. खाली बारीक अक्षरात चौथी ओळ होती, ‘तुमच्याकडून काही दाबलं गेलं नव्हतं.’ ते कार्ड सर्व्हरच्या कपाटाला आतून चिकटवले आहे.

आपली कृतज्ञ,
ग्रंथपाल

ता. क. मावशींच्या पुस्तकाला ६ दिवस उशीर झाल्याचे ६ रुपये तुम्ही हट्टाने भरलेत. त्यांतले ४ दिवस सूची आमचीच बंद होती, म्हणून ४ रुपये त्यांच्या पुढच्या पुस्तकात घालून ठेवले आहेत.