उजव्या बाजूला काय दिसतंय?

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

नाव सांगून आठवेल असं वाटत नाही. तुमच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमची कंपनी होती आणि फोन मात्र तुमच्याकडे. उसाच्या काट्यावरची मुलगी म्हटलं तर कदाचित आठवेल. १९९१-९२ चा गळीत हंगाम.

आभार मानायचे राहून गेले ते आज मानते आहे. आणि चारचौघांत मानते आहे, कारण परवा ऑफिसातल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, त्या काळी डीबगर कुठला चांगला होता?" (डीबगर म्हणजे प्रोग्रॅममधली चूक शोधायला मदत करणारा प्रोग्रॅम.) मी तोंड उघडलं आणि तुमचंच वाक्य बाहेर पडलं: "कुठल्या मशीनवर, ते आधी बोल."

काट्याचा प्रोग्रॅम मी टर्बो सीमध्ये (बोरलँड कंपनीचा सी भाषेचा कंपायलर) लिहिला होता. गाडी काट्यावर चढली की वजनाचा इंडिकेटर सीरियल पोर्टमधून (कॉम्प्युटरला केबल जोडायची जागा) आकडा पाठवत राहायचा, प्रोग्रॅम तो उचलायचा, सभासद क्रमांक जोडायचा आणि डॉट मॅट्रिक्सवर पावती निघायची. ऑफिसात महिनाभर सुरळीत चाललं. कारखान्यावर मात्र मधूनच एखाद्या पावतीवर भलताच सभासद क्रमांक यायचा, आणि कधी मशीनच गप्प पडायचं. मागे बैलगाड्यांची रांग. उसाचं वजन दुसऱ्याच्या नावावर गेलं तर काय होतं हे ज्याने पाहिलंय, त्याला पुढचं सांगायला नको.

मी खाली तुमच्याकडे आले ती खरं तर सोल्डरिंग करून घ्यायला. डोक्यात पक्कं होतं: टर्बो डीबगर. बोरलँडने तो १९८८ मध्ये आणला होता आणि आमच्या लेखी त्याच्यापुढे काही नव्हतं. सी-मधली ओळ समोर दिसते, व्हेरिएबलची किंमत दिसते, आणखी काय हवं! पण कारखान्यावर एक्सटी होतं, म्हणजे जुन्या पिढीचा पीसी. ६४० केबी मेमरीत डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम, माझा प्रोग्रॅम आणि वर टर्बो डीबगर, एवढी मंडळी मावत नव्हती. म्हणून दुसरी युक्ती: डीबगर एका मशीनवर, प्रोग्रॅम दुसऱ्यावर, मध्ये सीरियल केबल. तुम्ही लगेच केबल करून दिलीत. दोन आणि तीन नंबरच्या पिना उलटसुलट, सात सरळ. पैसे घेतले नाहीत. "चालली तर दे" म्हणालात. आणि मग, मी दारात असताना, सहज विचारल्यासारखं: "काट्याच्या मशीनला सीरियल पोर्ट किती आहेत?"

एक. आणि त्यात काटा.

मी तशीच परत स्टुलावर बसले. तुम्ही चहा मागवलात आणि एकेक डीबगर असा निकालात काढलात की जणू भाजी निवडताय. कोडव्ह्यू मायक्रोसॉफ्टच्या सीबरोबर येतो, तुझं टर्बो सी, तेव्हा विषय संपला. सॉफ्टआइस उत्तम, पण त्याला ३८६ हा एक्सटीपेक्षा नवा प्रोसेसर पाहिजे. ३८६ मध्ये पत्त्यांवर पहारा बसवायची सोय चिपमध्येच आहे, एका वेळी चार ठिकाणी. तिथे कुणी लिहायला गेलं की जागच्या जागी पकडलं जातं. "तुझ्या रोगाला तेच औषध," तुम्ही म्हणालात, "पण कारखाना तुझ्यासाठी ३८६ घेणार आहे का?"

साधा ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम ठरल्या जागी थांबवायची खूण) म्हणजे आतून काय, हेही मला त्या दिवशी कळलं. डीबगर प्रोग्रॅममधला एक बाइट काढून तिथे सीसी हा बाइट ठेवतो. तो आला की प्रोसेसर चालू काम थांबवून इंटरप्ट तीनवर जातो, म्हणजेच डीबगरच्या हातात येतो. चोर कुठून येणार हे ठाऊक असेल तर याचा उपयोग. मला तर चोर कोण तेच ठाऊक नव्हतं.

उरला डॉसबरोबर फुकट येणारा डीबग. जेमतेम वीस केबीचा, पडद्यावर नुसती एक आडवी रेघ, ना मेनू ना रंग. मी नाक मुरडलं असणार. तेव्हा तुम्ही तुमच्या सीपीएमच्या (डॉसच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम) मशीनची गोष्ट काढलीत. त्यावरच्या डीबगरचं नावच डीडीटी. "ढेकणांची पावडर! बग मारायला आणखी काय पाहिजे?" त्या डीडीटीला फक्त ८०८० या चिपची भाषा यायची. तुमच्या झेड८० चिपचा वेगळा हुकूम समोर आला की बिचारा प्रश्नचिन्हं छापायचा, आणि तुम्ही ती पुस्तक उघडून हाताने सोडवायचात. त्यापुढे माझी तक्रार कोण ऐकणार.

दुसऱ्या दिवशी एसटीने निघाले. पर्समध्ये तुम्ही पाकिटाच्या पाठीवर लिहून दिलेल्या पाच ओळी. त्या मला अजून पाठ आहेत. प्रोग्रॅम डीबगच्या पोटातून सुरू कर. आधी आर दाबून डीएस या रजिस्टरचा आकडा वहीत लिही, त्यात दहा मिळव, पण हेक्समधले दहा, म्हणजे सोळा. लिंकरच्या मॅप फाइलमध्ये (काय मेमरीत कुठे बसतं त्याची यादी) सभासद क्रमांकाचा पत्ता बघून ठेव. मग जी दाबून प्रोग्रॅम सोड, चूक झाली की नेहमीसारखा बाहेर पड, आणि डी देऊन तिथली मेमरी बघ. पाचवी ओळ: रात्री अकरानंतर फोन कर, दर पाव असतो.

चूक मात्र होईना. दोन दिवस काट्याच्या खोलीत बसून राहिले. तिसऱ्या संध्याकाळी काट्यावरच्या कारकुनाने प्रिंटरचा कागद संपला म्हणून नवा गठ्ठा घातला, भोकं दात्यांत बसेनात म्हणून जरा वेळ लागला, आणि पुढच्याच पावतीवर चुकीचा क्रमांक. मी त्याला कागद काढून पुन्हा घालायला लावला. पुन्हा चूक! ऑफिसात आम्ही कागद कधी संपूच दिला नव्हता.

रात्री अकराला एसटीडी बूथवर मी, सोबतीला कारखान्याचे वॉचमन, आणि हातात स्क्रीनचा प्रिंटआउट. तुम्ही पहिल्या घंटेला फोन उचललात. मी वाचायला लागले: तीन शून्य, तीन शून्य, तीन एक, तीन आठ, तीन चार, तीन शून्य, शून्य डी... आणि मीटरचे लाल आकडे पळतायत. तुम्ही मध्येच थांबवलंत.

"अगं, उजव्या बाजूला काय दिसतंय?"

उजवीकडच्या रकान्यात डीबग तेच बाइट साध्या अक्षरांत छापतो. तिकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ००१८४०, टिंब, ००१८४०, टिंब. सभासद क्रमांकाच्या जागेवर गाडीचं वजन बसलं होतं. कागद घालेपर्यंत प्रिंटर थांबायचा, प्रिंटरसाठी प्रोग्रॅम थांबायचा, इंडिकेटर मात्र पाठवतच राहायचा. बफर, म्हणजे आलेले आकडे साठवायची जागा, ऐंशी बाइटचा. तो भरल्यावर थांबायचं, हे मी आकडे उचलणाऱ्या इंटरप्टच्या रूटीनमध्ये लिहिलंच नव्हतं, म्हणून पुढचे आकडे शेजारच्या सभासद क्रमांकावर जाऊन बसायचे. थोडा वेळ लागला तर क्रमांक बिघडायचा, जास्त लागला तर पुढचं सगळंच, आणि मशीन गप्प. दोन ओळींची दुरुस्ती. पहाटे करून टाकली.

तुम्ही हसलाही नाहीत. "जेव आता," म्हणालात आणि फोन ठेवलात. एरवी तुमचं दुकान आठला बंद व्हायचं हे मला पुढे कित्येक महिन्यांनी लक्षात आलं. त्या तिन्ही रात्री तुम्ही शटर अर्धं ओढून फोनपाशी बसला होतात, आणि पहिल्या दोन रात्री तर मी फोनही केला नव्हता.

हंगाम संपायच्या आत मी नोकरी बदलली, मुंबईला गेले. ऑफिस सोडताना तुमचं दुकान बंद होतं, गुरुवार असावा. ती केबल माझ्याकडेच राहिली. चालली तर पैसे दे म्हणाला होतात. ती कधी कशालाच जोडली गेली नाही, तेव्हा हिशोबाने परतच करायला हवी. सोल्डरिंग अजून चकचकीत आहे. दुकानाच्या जागी आता काय आहे ते पुण्यात आल्यावर बघेन, पण घराचा पत्ता शेजारच्या वाण्याकडून मिळवला आहे. पुढच्या रविवारी सकाळी येते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची, उसाच्या काट्याची मुलगी