माला-एन घेऊन धावणाऱ्या मुलींसाठी: केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री यांस,
स. न. वि. वि.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस भरतीसाठी मुलींचा सराव घेते. 800 मीटर, 100 मीटर, गोळाफेक. पहाटे साडेपाचला मैदानावर येणाऱ्यांत लग्न झालेल्या, घरी लहान मूल असलेल्याही आहेत. भरती होईपर्यंत दुसरं मूल नको म्हणून काहीजणी आशाताईंकडून माला-एन ही गर्भनिरोधक गोळी घेतात, काहींनी 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेतलंय. दोन्ही आपल्याच खात्याची, मोफत. ही सोय नसती तर यांतल्या कितीतरी जणी घराबाहेर पडल्याच नसत्या.

गेल्या पावसाळ्यात एकीला फार थकवा वाटत होता म्हणून रक्त तपासलं. सीआरपी (शरीरात कुठं दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेला निघाला. ताप नाही, खोकला नाही, तरी 'कुठंतरी इन्फेक्शन असणार' म्हणून अँटिबायोटिक लिहून दिलं. ती गर्भनिरोधक गोळी घेते का, आदल्या दिवशी किती पळाली, हे कुणी विचारलं नाही. इस्ट्रोजेन हे स्त्रीहॉर्मोन असलेली गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या स्त्रियांत काही आजार नसतानाही सीआरपी जास्त सापडतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. तिचा कशानं वाढला ते मी सांगू शकत नाही. पण विचारायला तर हवं होतं.

जोरात धावलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं वाढतात. थांबल्यावर तास-दोन तासांत त्यांतला लिम्फोसाइट्स हा प्रकार सुरुवातीपेक्षाही खाली उतरतो, न्यूट्रोफिल्स हा दुसरा प्रकार मात्र काही तास वाढत राहतो. आकुंचन पावणारे स्नायू स्वतःच इंटरल्युकिन-6 हे पेशींना निरोप देणारं रसायन सोडतात आणि त्यातून पुढे दाह आवरणारी रसायनं तयार होतात. या पांढऱ्या पेशींवर इस्ट्रोजेनचा परिणाम होतो, आणि गोळी तर शरीराचे स्वतःचे हॉर्मोन दाबून बाहेरचे पुरवते. मग गोळी घेणारीची ही चढउतार वेगळी असते का? परदेशात थोडे अभ्यास झाले, पण मोजक्या बायकांवर, आणि निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. पुष्कळ संशोधक तर गोळी घेणाऱ्यांना सरळ वगळतात. हिशोब सोपा राहतो त्यांचा.

त्यातही माला-एन आणि अंतरा एक नव्हेत. माला-एनमध्ये इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हॉर्मोन) दोन्ही, 21 गोळ्या हॉर्मोनच्या आणि 7 लोहाच्या. अंतरामध्ये इस्ट्रोजेन नाहीच, नुसतं प्रोजेस्टिन, दर तीन महिन्यांनी. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येणार नाही.

म्हणून मागणी एकच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेमार्फत अभ्यास करा: काहीच न घेणाऱ्या, माला-एन घेणाऱ्या आणि अंतरा घेणाऱ्या, असे तीन गट. तिन्ही गटांतल्या मुलींचं रक्त धावण्याआधी, लगेच नंतर आणि दोन तासांनी तपासा. सर्दी-खोकल्याची नोंद पूर्ण हंगामभर ठेवा. तोवर निदान प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर 'गर्भनिरोधक कोणतं' आणि 'व्यायाम किती' या दोन ओळी असू द्या.

हे वाचून कुणी गोळी बंद करू नये, हे माझ्या मुलींना मी रोज सांगते. त्यापुढे त्या विचारतात, "मग ताई, आमच्या रिपोर्टचं काय समजायचं?" याचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून आपल्याला लिहिते आहे. अभ्यास ठरला तर आमचं मैदान आहे, आणि स्वतःहून रक्त देऊ म्हणणाऱ्या मुलीही आहेत.

आपली,
एक धावप्रशिक्षक