तक्रार: कलिनरी आर्ट्स अभ्यासक्रमात ४८ ऐवजी २९ प्रात्यक्षिकं

इंदूर, १४ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
प्रमाणपत्र अभ्यासक्रम विभाग

महोदय,

३ फेब्रुवारी ते २३ मे या काळात आपल्या इंदूर केंद्रावर मी कलिनरी आर्ट्सचा, म्हणजे पाककलेचा, प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला. फी ४२,००० रुपये, सुऱ्यांच्या संचाचे वेगळे ५,५००. हे पैसे पुरणपोळ्या आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींतून साठवलेले होते, त्यामुळे हिशेब मी वहीत लिहून ठेवला आहे.

आपल्या माहितीपत्रकात ‘अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजच्या धर्तीवर’ असं ठळक छापलंय. खाली लिहिलंय: तुकडी १२ जणांची, प्रत्येकाला स्वतंत्र शेगडी, आठवड्याला ३ प्रमाणे ४८ प्रात्यक्षिकं. प्रत्यक्षात तुकडीत आम्ही २७ जण, शेगड्या सहा, त्यांतली एक कायम बिघडलेली. प्रात्यक्षिकं झाली २९. माझ्या हातात पळी आली ती ११ वेळा. बाकीच्या वेळी मी तिसऱ्या रांगेतून लोकांच्या पाठी बघत होते. नुसतं बघायचंच असतं तर रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन कढईसमोर उभी राहिले असते. तिथे बघण्याचे पैसे पडत नाहीत, आणि शेवटी हातात गरम द्रोण तरी येतो.

७ मार्चचंच उदाहरण घ्या. त्या दिवशी बेशामेल, म्हणजे दुधाचा पांढरा सॉस होता. लोणी आणि मैदा समान वजनाने परतून त्यात दूध घालायचं, एवढं फळ्यावर लिहिलं गेलं. सरांनी दूध एकदम ओतलं आणि गुठळ्या झाल्या. गुठळ्या कुणाच्याही होतात, माझ्या पिठल्यातही झाल्या आहेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सरांनी सॉस गाळणीतून काढला, ‘झालं’ म्हणाले आणि आम्ही फोटो काढले. मी विचारलं, पिठल्याला आपण बेसन आधी पाण्यात कालवून घेतो, मग इथे मैदा लोण्यात का परतायचा? उत्तर मिळालं, ‘मॅडम, नोट्समध्ये आहे.’ नोट्समध्ये नव्हतं. मैद्याचे कण आधी लोण्यात माखले की दुधात सुटे राहतात, एकमेकांना चिकटत नाहीत, हे मला घरी येऊन भाचीकडून फोनवर कळलं.

ही भाची कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात हाच विषय शिकते, दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीसाठी. आपण ज्या धर्तीचं नाव घेता ती धर्ती काय असते, हे मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, ‘मावशी, सुरुवातीला आमच्या हातात नुसते कांदे आणि गाजरं होती. आधी ज्युलिएन, म्हणजे बारीक लांब काड्या काढायच्या, मग त्याच आडव्या कापून ३ मिलिमीटरचे चौकोनी तुकडे. मॅडम पट्टी लावून मोजायच्या.’ त्या तुकड्यांना ब्रुन्वाज म्हणतात. आपल्याकडे तो एका दुपारी, एका गाजरात उरकला. मी जन्मभर काकडी चोचवत आले आहे. ही सवय मोडून हाताला नवी लावायची, तर कुणीतरी शेजारी उभं राहून चूक दाखवायला हवं. त्यासाठीच मी फी भरली होती.

आता संचातल्या सुरीबद्दल. चांगल्या सुरीचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं असतं. आपण दिलेल्या सुरीचं पातं मुठीत अर्ध्यावरच संपतं. तिसऱ्या आठवड्यात मूठ हलायला लागली. केंद्रावर दाखवली तर ‘फेविक्विक लावा’ असा सल्ला मिळाला.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकली. मे महिन्यात, इंदूरच्या उन्हाळ्यात, भाज्यांच्या स्टॉकचं, म्हणजे भाज्या उकळून गाळलेल्या पाण्याचं, मोठं पातेलं रात्रभर ओट्यावर तसंच राहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचंच सूप करून आम्हाला चाखायला दिलं. ५ ते ६० अंशांमध्ये जंतू झपाट्याने वाढतात, हे आपल्याच पहिल्या व्याख्यानात सांगितलं होतं. भाचीच्या पुस्तकात तर थंड करण्याची वेळही दिली आहे: ५७ वरून २१ अंशांवर दोन तासांत, तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत. त्यासाठी स्टॉक लहान भांड्यांत ओतून ती बर्फाच्या पाण्यात ठेवायची. मी ते सूप प्यायले नाही आणि बोलले. त्यावर वर्गासमोर ‘आंटीजी, घर का किचन नहीं है’ असं ऐकून घ्यावं लागलं. माझ्या घरच्या स्वयंपाकघरात आमटीसुद्धा रात्री बाहेर राहत नाही.

हिशेब असा. १९ प्रात्यक्षिकं बुडाली. त्यांतलं १९ मार्चचं मी सोडून देते, कारण रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक असताना राजवाड्याच्या अलीकडून विजयनगरच्या केंद्रावर पोचणार कोण! उरली १८. प्रत्येकी ८७५ रुपयांप्रमाणे १५,७५० होतात. संचाचे ५,५०० धरून एकूण २१,२५० रुपये परत करावेत. नाहीतर १२ जणांच्या तुकडीत, चालू शेगडीवर, ती १८ प्रात्यक्षिकं घ्यावीत आणि सुरी बदलून द्यावी. मला खरं तर हेच जास्त आवडेल. मला शिकायचं आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. आपलं मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात आहे, पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करता येते. कृपया फोन करू नये. फोनवर ‘मॅडम, बघतो’ हे उत्तर मला तीनदा मिळून झालं आहे.

आपली,
सकाळच्या तुकडीतली विद्यार्थिनी
रामबाग, इंदूर

सोबत: फीची पावती, माहितीपत्रकाची प्रत, हजेरीच्या वहीच्या पानांचे आणि सुरीच्या मुठीचे फोटो