जहाज धक्क्याला लागलं म्हणजे प्रवासी उतरला असं नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हल्ली क्रूझ सहलींच्या पानभर जाहिराती येतात, आणि जाऊन आलेल्या वाचकांचे हौशी लेखही. दोन्हींत डेकवरचा सूर्यास्त असतो, रात्रीचा वाद्यवृंद असतो, बुफेची लांबच लांब टेबलं असतात. परतीचा दिवस मात्र ‘सकाळी मुंबई आगमन व सहल समाप्त’ एवढ्या एका ओळीत उरकलेला. कुलाब्यात किंवा दादरला राहणाऱ्याची सहल तिथे संपतही असेल. कराड, सांगली, कोल्हापूरकडच्या माणसाचा अख्खा दिवस अजून बाकी असतो, आणि सगळ्या सहलीत सर्वांत वाईट आखलेला दिवस तोच असतो. हे पत्र त्या दिवसाविषयी आहे.

मी टपाल खात्याच्या आरएमएसमधून, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमधून, सॉर्टर म्हणून निवृत्त झालो. उभी हयात चालत्या गाडीत उभं राहून पत्रं खणांत टाकण्यात गेली. या हिवाळ्यात मुलांनी आम्हा दोघांना मुंबई–लक्षद्वीप–मुंबई अशा सागरी सहलीला पाठवलं. आमच्याच भागातल्या एका यात्रा कंपनीने सगळी व्यवस्था केली होती. लक्षद्वीपला जायला प्रवेश परवाना लागतो, तोही त्यांनीच काढला. अगत्तीचं पाणी पाहिलं, जेवण उत्तम होतं, खलाशी पोरं अदबीची होती. जहाजावरच्या दिवसांबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

शेवटच्या संध्याकाळी तर मी मनातून खूश झालो. केबिनच्या दारात एक पाकीट होतं, त्यात रंगीत टॅग आणि सूचनांचा कागद. मोठ्या बॅगांना टॅग बांधून त्या रात्री अकराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या, सकाळी त्या थेट टर्मिनलच्या हॉलमध्ये मिळणार. प्रत्येक रंगाचा एक गट, गटाला क्रमांक, आणि क्रमांक पुकारल्यावरच उतरायचं. आमच्या वाट्याला नारिंगी रंग आला. रात्री मी मुद्दाम दार किलकिलं करून पाहिलं. दोन पोरं जाळीची ट्रॉली ढकलत येत होती, एक टॅग वाचायचा, दुसरा बॅग उचलायचा, आणि वाचल्याशिवाय उचलायची नाही असा त्यांचा शिरस्ता दिसला. आमच्या सेक्शनमध्ये नव्या पोराला पहिल्या रात्री हेच शिकवावं लागायचं. ही म्हणाली, झोपा आता, तुमची ड्यूटी नाही.

त्या सूचनांच्या कागदावर औषधं, चष्मा, सकाळचे कपडे आणि ओळखपत्र हातातल्या पिशवीत ठेवा असं ठळक अक्षरात छापलं होतं. आमच्या शेजारच्या केबिनमधल्या गृहस्थांनी ते वाचलं नसावं. पहाटे पाचला त्यांच्या सौभाग्यवती पॅसेजमध्ये आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. इन्सुलिनचं पेन आणि सुया मोठ्या बॅगेत गेल्या होत्या, आणि बॅग रात्रीच खाली. न्याहारीच्या आधी डोस घ्यायचा असतो. रिसेप्शनवरच्या मुलीने त्यांच्याकडे टॅगचा अर्धा तुकडा मागितला. तो सुदैवाने त्यांनी फेकून दिलेला नव्हता. त्यावरच्या क्रमांकावरून खालच्या डेकवरून बॅग शोधून अर्ध्या तासात वर आणली. शेकडो बॅगांतून! लेबल शाबूत असेल तर थैली सापडते, हे मी नोकरीभर सांगत आलो.

आता मूळ मुद्दा. आमच्या सहलीच्या पॅकेजमध्ये परतीचं रेल्वे तिकीटही धरलेलं होतं. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं : ‘सकाळी ७ वा. मुंबई बंदरात आगमन. सकाळी ८.४० कोयना एक्सप्रेसने कराडकडे प्रस्थान.’ कागदावर पाहिलं तर हिशेब चोख. जहाज लागतं तो बॅलार्ड पिअरचा धक्का ते सीएसएमटी म्हणजे टॅक्सीने काही मिनिटांचं अंतर. ज्याने हे तिकीट काढलं त्याने नकाशा पाहिला, घड्याळही पाहिलं. जहाजातून माणसं कशी उतरतात ते मात्र एकदाही पाहिलेलं नसावं.

जहाज खरोखर वेळेवर आलं. पहाटे मी डेकवर गेलो तेव्हा काळोख होता आणि उजव्या हाताला खांदेरीचा दिवा ठरावीक अंतराने लुकलुकत होता. हीच ती शिवकालीन जलदुर्गाची खांदेरी, २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. ध्वनिक्षेपकावर बिंगोपासून सवलतीच्या घड्याळांपर्यंत सगळ्याच्या घोषणा झाल्या होत्या, खांदेरीची कोणी केली नाही. बाकी मंडळी न्याहारीच्या रांगेत. नंतर जहाजाला बंदरात वाट दाखवणारा पायलट चढला, प्राँग्जचं दीपगृह डावीकडे मागे पडलं, जहाज ओढणाऱ्या छोट्या टग बोटी आल्या, आणि सातच्या सुमाराला दोर बांधले गेले. पत्रिकेतलं ‘आगमन’ इथे पुरं झालं.

त्यानंतर उतरणीचा पूल लावतात. कागदपत्रांची पूर्तता होते. बॅगा आधी उतरवतात आणि हॉलमध्ये रंगवार मांडतात. मग एकेक गट सोडतात. चाकाच्या खुर्चीतली माणसं वेगळ्या वाटेने जातात, स्वतःचं सगळं सामान स्वतः वाहून नेणाऱ्यांना सर्वांत आधी सोडतात. आणि हे चालू असताना प्रवाशांना खोलीत बसू देत नाहीत, कारण त्याच दुपारी नवे प्रवासी चढणार असतात आणि तोवर सगळ्या खोल्या झाडून, चादरी बदलून तयार करायच्या असतात. खोली लवकर सोडायची, जहाज मात्र नंबर लागेल तेव्हा. यात जहाजवाल्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. एवढी माणसं एका अरुंद पुलावरून एकदम सोडली तर चेंगराचेंगरी होईल.

तर ८.४० ला, कोयना सुटत होती त्या मिनिटाला, आम्ही जहाजाच्या नाट्यगृहात मऊ खुर्चीत नारिंगी टॅग हातात घेऊन बसलो होतो. समोर रिकाम्या रंगमंचावर ‘पुन्हा भेटू’ अशी अक्षरं लखलखत होती. पुकारा हिरव्या गटाचा चालू होता. हिरव्यानंतर निळा, निळ्यानंतर आम्ही. आम्ही धक्क्यावर पाय ठेवला तेव्हा गाडीने कल्याणही मागे टाकलं असेल.

मी यात्रा कंपनीला फोन लावला. उत्तर आलं, ‘काका, जहाज तर वेळेवर लागलं ना? मग गाडी कशी चुकली?’ मी जमेल तितक्या शांतपणे उलगडून सांगितलं. त्यावर ‘पुढच्या वेळी बघू’ असं म्हणाले. गाडीत चढलोच नाही म्हणून तिकिटाचे पैसे गेले. ज्येष्ठांची रेल्वे सवलत २०२० पासून बंद असल्याने ते पूर्ण भाड्याचे होते, हा आणखी वेगळा सल.

टर्मिनलच्या इमारतीबद्दल वाईट बोलवत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लोकार्पण झालेलं हे नवं टर्मिनल सव्वाचार लाख चौरस फुटांच्या आसपास आहे, चेक-इन आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर आहेत, वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता सांगतात. सागरी सहली वाढवण्याचं सरकारचं क्रूझ भारत मिशन २०२९ पर्यंत चालायचं आहे, म्हणजे जहाजं वाढतील, माणसं वाढतील. चांगलंच आहे. पण याच बॅलार्ड पिअरवर कधीकाळी एक रेल्वे स्थानक होतं, हे आजच्या सहल आखणाऱ्यांना ठाऊक असावं असं वाटत नाही. बॅलार्ड पिअर मोल त्याचं नाव. विलायतेहून टपालाची बोट आली की पंजाब लिमिटेड ही गाडी तिथूनच सुटायची आणि जवळजवळ २,५०० किलोमीटर तोडून ४७ तासांत पेशावर गाठायची. सहा डब्यांची गाडी, त्यातले तीन माणसांचे आणि तीन टपालाचे. त्याही आधी, १८६८ पासून १९१४ पर्यंत, एडन ते मुंबई या टप्प्यात बोटीवरच टपालाचं सॉर्टिंग चालायचं, म्हणजे थैल्या धक्क्यावर उतरताच गाडीत चढवण्याजोग्या तयार असायच्या. आमच्या खात्यातले जुने लोक ही माहिती मोठ्या अभिमानाने सांगत. साहेबाचं कौतुक करण्याचा माझा हेतू नाही, त्या गाडीत तुमच्या-माझ्या आज्याला कोणी बसू दिलं नसतं. पण तिचं वेळापत्रक बोटीच्या आगमनाशी बांधलेलं होतं. उलट इथे बोट आणि गाडी या दोन गोष्टी दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या टेबलांवर बसून जुळवल्या होत्या.

ही मूळची रत्नागिरीची. लहानपणी ती मुंबईला बोटीनेच यायची, भाऊच्या धक्क्याला. तिकडे बंदरात बोट आत यायची नाही, पडावातून, म्हणजे होडीतून, जाऊन वर चढायचं, आणि पावसाळ्यात तर सगळंच बंद. ती म्हणाली, तेव्हा उतरल्यावर पुढच्या गाडीचं तिकीट कोणी आधी काढतच नसे, मामा धक्क्यावर यायचा आणि मग बघू असं असायचं. आमचा मामा कोणी आला नव्हता.

मग टॅक्सीने दादर. टॅक्सीवाल्याने बॅगा मोजून भाडं सांगितलं, मी निम्म्यावर आणलं, तरी जास्तच गेले. कोल्हापूरकडे जाणाऱ्या महालक्ष्मी एक्सप्रेसचं त्याच दिवसाचं तिकीट मिळेना, म्हणून दादरहून एसटीची शिवनेरी धरून स्वारगेट. घाटात हिने डोळे मिटून सीटचा दांडा घट्ट धरला होता. मळमळ नव्हती, पण सगळं डोलतंय म्हणाली. समुद्रावर शरीर लाटांशी जुळवून घेतं, आणि जमिनीवर आल्यावरही काही काळ तसंच सावरत राहतं. बहुतेकांचं ते एक-दोन दिवसांत जातं, पण कोणी आधी सांगितलेलं नसेल तर साठीपुढच्या माणसाला वाटतं की रक्तदाब वाढला. स्वारगेटच्या फलाटावर तिला खांबाला धरून उभं करून मी दोन बॅगा ओढत कराडच्या गाडीकडे गेलो. कंडक्टरने एक बॅग वर घेतली. तिला महिलांची सवलत, मला ज्येष्ठांची, दोघंही अर्ध्या तिकिटात. हजारो रुपयांच्या सहलीचा शेवट एसटीच्या अर्ध्या तिकिटावर झाला, आणि सबंध दिवसात न मागता मदतीला धावलेला पहिला माणूस तो कंडक्टर होता. घरी पोहोचलो तेव्हा शेजाऱ्यांचं जेवणखाण आटोपलं होतं.

माझं म्हणणं यात्रा कंपन्यांना आहे, आणि त्यांच्या जाहिराती छापणाऱ्या आपल्यालाही. कार्यक्रमपत्रिकेत जहाज लागण्याची वेळ छापू नका, शेवटचा प्रवासी बॅगेसह गेटबाहेर पडतो ती वेळ छापा. ती जहाजवाल्यांकडे असते, विचारावी लागते एवढंच. पुढच्या गाडीचं तिकीट दुपारनंतरचंच काढा. ज्यांना लवकरची गाडी किंवा विमान गाठायचंच आहे त्यांची यादी जहाजाला आधी कळवली, तर त्यांना पहिल्या गटांत घेता येतं. हेही मला उतरताना एका खलाशाने सांगितलं, कंपनीने नाही. आणि जहाजाच्या दिवशी सकाळभर गेटपासून सीएसएमटीपर्यंत सामान ठेवायला जागा असलेली एक छोटी बस फिरत राहिली तर रेल्वेवाले आणि मेट्रोवाले दोघांचीही सोय होईल. मेट्रो ३ आता कफ परेडपर्यंत झाली आहे, सीएसएमटीला तिचं स्थानक आहे, विमानतळाकडे जाणाऱ्यांनाही ती उपयोगी. आमच्या कंपनीने पुढच्या मोसमाची पत्रिका काढली आहे. तीत परत ‘७ वा. आगमन, ८.४० कोयना’ असंच छापलेलं आहे. मी लाल शाईने खूण करून ती त्यांना स्पीड पोस्टाने पाठवली, पोचही आली.

तोवर आमच्याकडच्या वाचकांपैकी कोणी जाणार असेल तर त्यांनी परतीला रात्रीची महालक्ष्मी धरावी, आणि तिचं आरक्षण सहलीचे पैसे भरतानाच करून टाकावं. मधला वेळ काढायला सीएसएमटीच्या सामानघरात बॅगा ठेवता येतात. फक्त कुलूप नसलेली बॅग तिथे घेत नाहीत, तेव्हा कुलूप-किल्ली घरूनच न्यावी, आणि किल्ली अर्थातच हातातल्या पिशवीत ठेवावी.

आपला,
आरएमएसमधून निवृत्त एक वाचक
कराड, जि. सातारा