जंतूच्या पै-पाहुण्यांची चौकशी

महोदय,
पावसाळ्यात आमच्या पेठेत आरोग्यसेविका येतात, बॅरेलमधल्या अळ्या बघतात आणि घरात कुणाला ताप असेल तर हिवतापाच्या तपासणीसाठी बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब नेतात. हिवतापाच्या सर्वांत घातक जंतूचा, 'प्लाझमोडियम फाल्सिपेरम'चा, जनुकसंच २००२ मध्येच वाचून झाला. जनुके सुमारे ५,३००; पण त्यांच्यावरून बनणाऱ्या निम्म्याहून अधिक प्रथिनांचे काम तेव्हा अज्ञात होते. आता संगणकावर प्रथिनांच्या संबंधांचे जाळे विणून, अनोळखी प्रथिन कोणाकोणाबरोबर वावरते यावरून त्याच्या कामाचा अंदाज बांधतात. सोयरीक जमवताना आपण पै-पाहुण्यांत चौकशी करतो, तसेच! खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते. या जंतूची जनुकीय माहिती इंटरनेटवर खुली आहे. शिवाजी विद्यापीठाने जीवशास्त्र आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून असे प्रकल्प द्यावेत.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर